गोधडीच्या चौकोनांमधल्या पट्ट्या: या चुका टाळा

चौकोन शिवताना सगळे जिवापाड जपतात. घाई होते ती मधल्या पट्ट्यांना. ‘सरळ पट्टी तर आहे, मार टीप!’ आणि मग जमिनीवर अंथरलेली गोधडी भाजलेल्या पापडासारखी कडेनं उठते.

बहुतेकदा खोड एकच असते. लांबच लांब पट्टी घ्यायची, तिच्यावर चौकोन ठेवून शिवत जायचं आणि उरेल ती कापायची. मशीनचे दाते खालचं कापड जास्त ओढतात, वर आपला हातही ताण देतो. त्यामुळे एक पट्टी साडेबारा इंच, तर दुसरी पावणेतेरा! मीही बरीच वर्षं असंच शिवलं, आणि उसवण्यात त्याहून जास्त वेळ घालवला.

आधी सगळे चौकोन मधोमध मोजा, कडेला नको. कडा ताणलेली असते. बहुतेकांचं जे माप येईल, त्याच मापाच्या सगळ्या पट्ट्या कापा. दोन्ही टोकांना टाचणी, मग मध्याला, आणि नंतरच टीप. चौकोन किंचित मोठा असेल तर तो खाली ठेवा, दाते ती वाढ जिरवतात. पाव इंचाहून जास्त फरक असेल तर चौकोनच दुरुस्त करायला हवा.

शिलाईत कडेपासून पाव इंच, म्हणजे दोन सूत, कापड धरतो. अर्ध्या सुताची चूक कोणाच्या डोळ्यांत भरणार? पण चार चौकोन आणि तीन पट्ट्यांच्या ओळीत सहा टिपा येतात. प्रत्येक टिपेत दोन्ही कापडांचं अर्धं अर्धं सूत गेलं, की ओळ पाऊण इंचानं आखडते.

पट्टी उभ्या धाग्यावर कापा, तो सर्वांत कमी ताणतो. उरेब, म्हणजे तिरका काप, तर नकोच. जुन्या साडीचा काठ पट्टीला मोहात पाडतो, पण त्याची वीण अंगापेक्षा घट्ट असते, धुतल्यावर दोन्ही सारखे बसत नाहीत. गडद रंगाचं कापड आधी पाण्यातून काढा.

सगळ्यात जास्त फसगत आडव्या लांब पट्टीवर होते: वरचे चौकोन एकीकडे, खालचे दुसरीकडे. शिवून झाल्यावर बारा इंची चौकोन आणि दोन इंची पट्टी दिसणार असेल, तर आडव्या पट्टीवर दोन्ही कडांना खडूनं खुणा करा: टोकापासून पाव इंच, मग बारा, दोन, बारा, दोन, बारा, दोन, बारा आणि शेवटी पाव. एकूण साडेचोपन्न. उभ्या टिपा या खुणांवरच आल्या पाहिजेत. खुणांचा कंटाळा असेल तर आडवी-उभी पट्टी भेटते त्या प्रत्येक चौकात अडीच इंचाचा छोटा तुकडा जोडा आणि सगळ्या शिलाया इस्त्रीनं पट्टीकडे वळवा. मग वरची-खालची शिलाई एकमेकींत अडकून बसते, बोटाला लगेच कळतं.

लाट आलीच असेल तर वाफेची इस्त्री फिरवून समाधान मानू नका. एका धुण्यात ती परत उठेल. तेवढी पट्टी उसवा, नव्यानं मोजून कापा. चौकोनाला हात लावू नका.