संवेदना तपासायला शिकताना

वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षी वॉर्डात पहिली केस घेतली, तेव्हा रुग्णाला डोळे मिटायला सांगून मी त्यांच्या दोन्ही पायांना जागोजागी कापसाचा बोळा लावला, दर वेळी ‘कळतंय’ असे उत्तर आले आणि केसपेपरवर ‘संवेदना नॉर्मल’ लिहून मी मोकळी झाले. चालताना पाय गादीवर पडल्यासारखे वाटतात आणि अंधारात तोल जातो, हे त्या काकांनी सुरुवातीलाच सांगितले होते. ते मी लिहूनही घेतले होते. आमच्या शिक्षिका मॅडमनी १२८ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क (आपटल्यावर कंप पावणारा धातूचा दुहेरी काटा) तळहातावर आपटून काकांच्या पायाच्या अंगठ्यावर, नखामागच्या हाडावर टेकवला. काकांना कंप कळला नाही. घोट्यावरही कळला नाही. पुढे रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता निघाली.

नव्या विद्यार्थ्यांनी आधी हे समजून घ्यावे, की ‘स्पर्श’ हा शब्द एक असला तरी मेंदूकडे जाणाऱ्या वाटा वेगळ्या आहेत. कंप, सांध्यांची स्थिती आणि बारीक स्पर्श यांचे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागातून त्याच बाजूने वर चढतात आणि थेट लंबमज्जेत, म्हणजे मज्जारज्जूच्या वर लागणाऱ्या मेंदूच्या तळच्या भागात पोचल्यावर बाजू बदलतात, तर वेदना आणि तापमान यांचा मार्ग मज्जारज्जूत शिरल्यावर थोड्याच अंतरात पलीकडे जातो. म्हणूनच मज्जारज्जूची एकच बाजू दुखावली, तर त्या बाजूच्या पायाला कंप कळत नाही आणि टाचणी मात्र दुसऱ्या पायाला बोचत नाही. साधा हलका स्पर्श दोन्ही वाटांनी जात असल्यामुळे एक वाट बंद पडली तरी कापूस कळतो. मी फसले ती इथेच.

दोन्ही वाटा मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमसमार्गे मेंदूच्या पार्श्वखंडाकडे जातात. तिथे शरीराचा जो नकाशा आहे, तो पेनफिल्ड आणि बोल्ड्री या मेंदूच्या शल्यविशारदांनी १९३७ साली शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या शस्त्रक्रियांमधून मांडला. त्यात ओठ आणि बोटे यांनी एवढी जागा व्यापली आहे, की पाठीच्या वाट्याला फारच थोडी उरते. परीक्षेत हे चित्र सगळेच काढतात, पण हा भाग तपासायचा कसा, ते फार थोड्यांना सांगता येते. डोळे मिटलेल्या रुग्णाच्या हातात किल्ली द्यावी. पार्श्वखंडाला इजा असेल तर हातात काहीतरी थंड, टणक आहे एवढे तो सांगतो, किल्ली मात्र ओळखत नाही.

मायेने हळुवार फिरवलेल्या हाताची जाणीव नेणारे सी-तंतू तर आणखी निराळे असून त्यांचा संबंध मुख्यतः इन्सुला या भागाशी, म्हणजे भावनांशी आहे. त्यांची वॉर्डात तपासणी होत नाही, पण विषय सुंदर आहे, सवडीने वाचावा.

फोर्क वापरताना कंप म्हणजे काय हे रुग्णाला आधी छातीच्या हाडावर दाखवावे आणि मधूनच न वाजवलेला फोर्कही टेकवावा, कारण डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून ‘हो’ म्हणणारे रुग्ण पुष्कळ भेटतात.