मधुमेही मांजर: आधी ताटली, मग सुई

इन्सुलिन दर बारा तासांनी, खाऊन झाल्यावर द्यायचं. मांजराने अर्धंच खाल्लं किंवा उलटी केली तर पूर्ण डोस टोचू नका, डॉक्टरांना फोन करा.

सगळ्यात मोठा घोळ सिरिंजचा. भारतात इन्सुलिन ४० आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन्ही ताकदींत मिळतं. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी १०० साठी. १०० चं ग्लार्जिन (इन्सुलिनचा एक प्रकार) लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १ च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जातं २.५ युनिट! चार किलोच्या जिवाला हे घातक ठरू शकतं. बाटली आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी जुळवाच.

कुशीवरची कातडी चिमटीत उचलून सुई टोचा, जागा बदलत राहा. केस ओले लागले तर औषध बाहेर सांडलंय. तरी पुन्हा टोचू नका.

दूध-भात, पोळी बंद. कमी कर्बोदकांचं ओलं कॅटफूड उत्तम, पण डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, कारण त्याने इन्सुलिनची गरज झपाट्याने घटू शकते.

रक्तातली साखर फार उतरून मांजर लटपटू लागलं, झटके आले तर हिरड्यांना मध चोळा आणि तडक दवाखाना गाठा.