जुन्या गाडीची वायरिंग शिकताय? आधी अर्थिंग पाहा

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान म्हणजे ट्रॅक्टरचा सेल्फ, पिकअपचा हॉर्न आणि लग्नसराईत बँडवाल्यांच्या गाडीची झगमग. अलीकडे त्यात जुन्या अ‍ॅम्बेसेडरची भर पडली आहे. कुणाच्या आजोबांची जिनिंग होती, कुणाचे वडील बाजार समितीत होते. गाडी वर्षानुवर्षं टिनाच्या शेडमध्ये उभी, आणि आता नातवाला ती वरातीसाठी हवी. इंजिनवाला मिळतो, डेंटिंग-पेंटिंगवाला मिळतो. वायरिंगला हात लावायला कुणी तयार नसतं. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून निघालेल्या पोरांना म्हणूनच सांगतो, हे काम धरा. यात लागणारं शास्त्र ओहमच्या नियमापलीकडे फारसं जात नाही. फक्त तो नियम वहीतून काढून गाडीवर लावता आला पाहिजे.

गाडी आली की लगेच बॅटरी जोडू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यात टिनाखाली उभ्या गाडीच्या वायरींचं प्लास्टिक कडक होऊन बोटानं वाकवलं तरी तडकतं. शेजारी कापूस किंवा सरकी साठवलेली असेल तर उंदीर आलेच. डॅशबोर्डमागे हात घातला की सरकीची टरफलं, कापसाचं घर आणि मधोमध कुरतडलेलं उघडं तांबं, हे चित्र ठरलेलं. तिथं एक ठिणगी पडली तर गाडी जाईल आणि शेडही जाईल. गाडी आधी बाहेर ढकला, झाडून घ्या, मगच हत्यारं काढा.

बॅटरीची दिशाही बघून घ्या. अ‍ॅम्बेसेडर मूळ मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली, आणि जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडायची पद्धत होती. गाडी फार जुनी असेल तर अंदाजानं जोडू नका. नंतर कुणी आल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बसवला असेल आणि तुम्ही उलटी बॅटरी लावलीत, तर त्याचे डायोड तिथंच जळतात. दिशा कळली की बॅटरी आणि अर्थच्या, म्हणजे बॉडीला जाणाऱ्या, केबलच्या मध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घाला. सगळे खटके बंद, दारं बंद. तरी बल्ब लागला, तर कुठंतरी करंट गळतोय. बल्ब मध्ये असल्यामुळे दोन अँपिअरच्या वर काही जात नाही, म्हणून वायर पेटायची भीती राहत नाही.

रंगांबद्दल थोडक्यात. लुकास या गाड्यांचं इलेक्ट्रिकचं सामान बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या पद्धतीत तपकिरी वायर थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, जांभळी कायम चालू पण फ्यूजमधून, लाल पार्किंग आणि टेल लाइटची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. हे पाठ करा, पण त्यावर विसंबू नका. गावात गाडी चार हातांतून गेलेली असते. कुणी विहिरीच्या मोटरची उरलेली वायर जोडलेली, कुणी घराच्या फिटिंगची. कापण्याआधी फोटो काढा, प्रत्येक टोकाला चिकटपट्टी लावून नाव लिहा, आणि कागदावर स्वतःच्या हातानं नकाशा काढा.

आता खरं काम. नव्या पोराला मीटर दिला की तो वायर सुटी करतो, टोकाला मीटर लावतो, बारा व्होल्ट दिसले की म्हणतो, ‘वायर ओके हाय.’ ओके नसते. दहा तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्टच दाखवणार, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. ठिबकच्या नळीत कचरा अडकला असेल तर व्हॉल्व्ह बंद असताना दाब पूर्ण दिसतो, सोडला की शेवटच्या झाडाला थेंब थेंब, तसंच हे. म्हणून लोड चालू ठेवूनच मोजा.

एक उदाहरण घेऊ. हेडलाइट मंद आहे. बत्ती लावलेली असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट, बल्बच्या दोन टोकांमध्ये ९.८. मधले २.६ व्होल्ट गेले कुठं? मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी बल्बच्या पॉझिटिव्हवर: ०.९. मग एक पिन बल्बच्या अर्थवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर: १.७. (गाडी पॉझिटिव्ह अर्थची असेल तर उलट समजा.) म्हणजे मोठी चोरी अर्थिंगमध्ये आहे. चांगल्या अर्थिंगवर हा आकडा ०.२ च्या आत असावा. आणि अडीच व्होल्ट म्हणजे किरकोळ समजू नका. व्होल्टेजपेक्षा उजेड फार झपाट्यानं पडतो, एवढ्यात तो निम्म्याच्याही खाली येतो.

रिस्टोरेशनच्या गाडीत हा दोष हमखास सापडतो, कारण गाडी नुकतीच पेंटहून आलेली असते. पेंटरनं बोल्टच्या बुडाशीसुद्धा झकास प्रायमर मारलेला असतो आणि काळ्या वायरीचं थिंबल (टोकाला दाबलेलं धातूचं कडं) त्या रंगावर बसलेलं असतं. मालक म्हणतो, ‘काहून बे, पेंटच्या आधी तं बत्त्या लागत होत्या!’ लागतच होत्या. थिंबलाखालचा रंग रुपयाएवढा खरवडा, काचपेपरनं पत्रा चकचकीत करा, बोल्ट घट्ट करा आणि वरून ग्रीस लावा म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. इंजिन ते बॉडीची जाड पट्टीही बघा. ती विसरली गेली तर सेल्फचा करंट क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते.

अर्थिंग गेलं की भुताटकीही दिसते. ब्रेक दाबला की नंबर प्लेटची बत्ती मिणमिणते. मागच्या दिव्यात २१ आणि ५ वॅटच्या दोन तारा एकाच बल्बमध्ये असतात. होल्डरचा अर्थ तुटला की ब्रेकचा करंट खाली जायला वाट नसल्यानं पाच वॅटच्या तारेतून उलटा चढतो आणि टेल लाइटच्या लाल वायरीतून बाकीच्या बल्बांमधून अर्थ शोधतो. असं दिसलं की स्विच बदलत बसू नका, होल्डर घासा.

फ्यूज उडत असेल तर सिगारेटची चांदी किंवा जाड तार लावणाऱ्याला दुकानातून हाकला. फ्यूजच्या जागी तोच २१ वॅटचा बल्ब धरा. शॉर्ट असेपर्यंत तो पूर्ण उजेडात पेटेल. मग वायरिंगचा जुडगा हलवत जा, एकेक कनेक्टर सोडत जा. ज्या फांदीला बल्ब विझला किंवा मंदावला, दोष त्या फांदीत. लुकासच्या जुन्या रचनेत मोजून दोन फ्यूज, आणि हेडलाइट त्यांतून जातच नाही. माझं मत विचाराल तर तिथं रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा खटका) आणि वेगळा फ्यूज घालावाच. ६० वॅटचे दोन दिवे म्हणजे दहा अँपिअर. एवढा करंट जुन्या खटक्यातून नेणं म्हणजे खटका जाळणं. मूळ रूप बिघडेल म्हणून मालक कुरकुरला तर रिले रेडिएटरच्या चौकटीमागे लपवा.

डायनॅमोवाल्या, म्हणजे आल्टरनेटरच्या आधीचं चार्जिंगचं यंत्र असलेल्या, गाडीत आयडलला चार्जिंगची लाल बत्ती मिणमिणली तर डायनॅमो खराब म्हणू नका, कमी फेऱ्यांत तो देतच नाही. रेस वाढवून बॅटरीवर मोजा. आल्टरनेटर साधारण १३.८ ते १४.४ दाखवतो.

अख्खं वायरिंग बदलायचं की दुरुस्त करायचं? प्लास्टिक वाकवल्यावर तडकत असेल तर बदला, त्यात भावनेला जागा नाही. इन्शुलेशन जिवंत असेल तर सांधे तेवढे नवे करा. चिमटा मारून थिंबल दाबणं सोल्डरचा डाग देण्यापेक्षा बरं. डागाच्या कडेला तार कडक होते आणि धक्क्यांनी तिथंच तुटते.

पैशांचं म्हणाल तर गाडी बघितल्या बघितल्या एकूण रक्कम सांगू नका. तपासणीचे पैसे वेगळे घ्या, आकडे लिहून मालकाला दाखवा, मग कामाचा भाव ठरवा. तुम्ही काढलेल्या नकाशाची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून गाडीतच ठेवा. पुढच्या वेळी गाडी तुमच्याकडेच येईल.