वीकेंडला सगळ्यांना घेऊन डोंगरावर जाताय? मग प्लॅन सगळ्यात हळू चालणाऱ्यापासून सुरू करा

ग्रुपवर 'या रविवारी जाऊया ना कुठेतरी' असा मेसेज पडला की सगळे लगेच जागा सुचवायला लागतात, फोटो टाकायला लागतात, पण माझं म्हणणं असंय की कुठे जायचं ते नंतर, आधी कोण कोण येणार ते ठरवा. सहा वर्षांची भाची येणार असेल, गुडघे दुखणारी मावशी येणार असेल किंवा आयुष्यात पहिल्यांदाच चढणारा ऑफिसमधला मित्र असेल, तर ट्रेक त्या माणसाचा असतो, बाकीचे त्याच्यासोबत चाललेले असतात. हे एकदा मनाशी पक्कं केलं की अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

वेळेचा अंदाज कसा काढायचा ते सांगते. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब मांडला तो आजही वापरतात, सपाटीला ५ किमीला एक तास आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे ८ किमीची वाट आणि ६०० मीटर चढ असेल तर साधारण दोन तास छत्तीस मिनिटं. पण हे सराव असलेल्या धडधाकट माणसाचं झालं आणि त्यात थांबणं, खाणं, फोटो काहीच धरलेलं नाही. लहान मुलं किंवा नवखे सोबत असले तर मी सरळ दुप्पट धरते, सव्वापाच तास, आणि आजवर त्यात वेळ उरलाय पण कमी पडला नाहीये. आता सूर्यास्ताच्या दोन तास आधी खाली पोचायचं असं धरून उलटं मोजत या आणि परत फिरायची वेळ घरूनच ठरवून निघा. ती वेळ झाली की टोक समोर दिसत असलं तरी मागे वळायचं, वर गेल्यावर हा निर्णय घ्यायला गेलात तर कोणीतरी 'अजून दहाच मिनिटं' म्हणतंच. वाटेत उजेड किती उरलाय ते बघायचं असेल तर हात समोर लांब करून बोटं आडवी धरा, सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये जितकी बोटं मावतात तितकी साधारण पंधरा-पंधरा मिनिटं. झाडीत आणि दरीत अंधार त्याच्याही आधी पडतो, त्यामुळे टॉर्च प्रत्येकाकडे हवाच, मोबाइलचा नाही, वेगळा.

बुटांचं मात्र नीट ऐका. एकदा भावाने कपाटातले जुने ट्रेकिंग शूज काढले, फार वापरलेले नव्हते, दिसायला एकदम नवे. दोन तास चाललो आणि एका बुटाची टाच उघडी पडली, मग बघता बघता अख्खा सोल पुढच्या टोकाला लोंबायला लागला, आत भुगा नुसता. सोलमधला फोम पॉलियुरेथेनचा असेल तर हवेतल्या दमटपणाने वर्षानुवर्षं हळूहळू कुजत जातो, बूट वापरा नाहीतर नुसते ठेवून द्या. त्या दिवशी चिकटपट्टी आणि जास्तीची नाडी गुंडाळून कसंबसं खाली आलो. तेव्हापासून निघायच्या आठवडाभर आधी सगळ्यांना सांगते, बूट काढा, सोलच्या वरचा थर अंगठ्याने जोरात दाबा, चिरा दिसल्या किंवा कण सुटले तर ते बूट नकोत. आणि नवे घेतले असतील तर आधी चार-पाच दिवस घरात, रस्त्यावर घालून फिरा.

पायाला फोड येतो तो घर्षण आणि ओलेपणा यामुळे, म्हणून सुती मोजे नकोत, ते घाम धरून ठेवतात, लोकरीचे किंवा सिंथेटिक घाला. मुलं फोड आल्याचं सांगत नाहीत, गप्प होतात. भाची एकदा अचानक गप्प झाली आणि एक पाऊल थोडं बाहेर टाकायला लागली, बूट काढून बघितलं तर टाचेवर रुपयाएवढा लाल गोल, अजून फोड नव्हता. तिथेच पाय कोरडा करून सुरकुती न पडू देता टेप लावली आणि मोजा उलटसुलट करून परत घातला, दिवस वाचला. चुरचुरायला लागलं की तेव्हाच थांबायचं, 'पुढच्या वळणावर बघू' करायचं नाही.

पाणी प्रत्येकी तासाला अर्धा लिटर धरा, ऊन असेल तर जास्त. नुसतं पाणीच ढोसत राहू नका, सोबत काहीतरी खारट खात राहा, घामातून मीठही जातं.

आता चालायची रांग. सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला, त्याच्या लगेच मागे सगळ्यात हळू चालणारा, आणि सगळ्यात शेवटी एक शांत, दमदार माणूस ज्याच्याकडे प्रथमोपचाराची पिशवी आणि शिट्टी. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, कमी करा. आणि विश्रांती शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू होते, तिथून दहा मिनिटं. मी बघितलंय हो, मावशी धापा टाकत वळणावर पोचली, पुढचे सगळे पाणी पिऊन, बसून ताजेतवाने झालेले, आणि तिला बघून 'आली का, चला मग' म्हणून उठले. ती काही बोलली नाही, नुसती काठी टेकून उभी राहिली. ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी त्यालाच ती मिळत नाही, असं आपल्या माणसांशी करू नका.

वीज दिसली की सेकंद मोजा, तीन सेकंदाला साधारण एक किमी. तीसच्या आत गडगडलं तर माथा सोडून खाली, एकट्या झाडाखाली अजिबात नाही, शक्यतो पक्क्या छताखाली किंवा बंद गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा.

मॅप आधीच डाउनलोड करून फोन एअरप्लेन मोडवर टाका, लोकेशन सॅटेलाइटवरून येतं, त्याला नेटवर्क लागत नाही, आणि बॅटरीही टिकते. घरी राहिलेल्या एकाला वाट आणि 'इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलव' ही वेळ लिहून द्या. वाट चुकली तर कोणीही शोधायला एकटं निघायचं नाही. आल्प्समधून रूढ झालेला संकेत म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर गप्प, मग परत सहा. समोरून तीन आल्या की ऐकू गेलं समजायचं. मुलांना हे घरीच खेळून शिकवा.

उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो, त्यामुळे दमलेल्या पायांनी धावत उतरू नका, छोटी पावलं टाका. उतरण सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना थांबवून घोट्याजवळची नाडी घट्ट करायला लावा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळीनिळी होतात, नखं आदल्या दिवशीच कापलेली बरी. घरी आल्यावर ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा, हीटरसमोर नको, उष्णतेने गोंद सुटतो.