अलप्पुझाच्या हाउसबोटीत पाऊल ठेवण्यापूर्वी

केरळच्या हाउसबोटीचा एक मुक्काम बहुधा एकवीस तासांचा असतो. दुपारी बाराच्या सुमारास बोटीवर चढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत उतरायचे. त्यांपैकी बोट प्रत्यक्ष चालते ती जेमतेम पाच-सहा तास, कारण संध्याकाळी साडेपाच-सहाला ती काठाला बांधावीच लागते आणि त्यानंतरचे पाणी जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांचे असते. चालण्याचे तास इतके मोजके असल्यामुळे बोट कोणत्या पाण्यातून जाणार आणि रात्री कुठे बांधली जाणार, यावर सगळ्या सहलीची मजा अवलंबून असते. म्हणून तयारीची सुरुवात बॅग भरण्यापासून न करता, बुकिंगच्या आधी फोनवर विचारायच्या प्रश्नांपासून करावी.

त्याही आधी महिना ठरवावा. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ हवेच्या दृष्टीने सर्वांत सुखाचा असतो. मात्र नाताळ ते नववर्ष या पंधरवड्यात दर चढतात आणि पाण्यावर बोटींची रांग लागते, तेव्हा जमल्यास तो टाळून जानेवारीचा मधला आठवडा घ्यावा. अलप्पुझाभोवतीच्या कुट्टनाड या सखल भागातील भाताचे मुख्य पीक याच सुमारास शेतात उभे असते आणि मार्चच्या आसपास त्याची कापणी होते. इथली शेते समुद्रसपाटीपेक्षा खाली, बांध घालून राखलेली आहेत. बोटीच्या कठड्याशी उभे राहिले की पाणी आपल्या पायाशी आणि शेत त्याहूनही खाली दिसते. हे दृश्य हिरव्या भातात पाहायचे की नुसत्या पाण्यात बुडालेल्या शेतात, हे तारखेवरच ठरते. जून ते सप्टेंबरच्या पावसात जाणाऱ्यांनी बोट वेळेवर सुटणार नाही किंवा मार्ग बदलेल, हे मनाशी धरूनच जावे. ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाच्या सरी दुपारनंतर विजांसह येतात, म्हणजे नेमक्या आपण चहा घेऊन बाहेरच्या खुर्चीत बसतो त्या वेळी. नेहरू ट्रॉफीची सर्पनौकांची शर्यत पाहण्याची इच्छा असल्यास त्या वर्षीची तारीख आधी खात्री करून घ्यावी. ऑगस्टचा दुसरा शनिवार ही तिची जुनी वेळ, पण अलीकडे ती पुढे ढकलली गेल्याची उदाहरणे आहेत. शर्यतीच्या दिवशी ती होते त्या पुन्नमडा तलावाच्या भागात हाउसबोटीने शांतपणे फिरण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये.

आता प्रश्न. पहिला प्रश्न परवान्याचा. बोटीची नोंदणी आणि प्रवासी क्षमता दाखवणारा कागद पाहायला मिळेल का, हे निःसंकोच विचारावे आणि किती जण येणार तो आकडा मुलांसह खरा सांगावा. ७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे सहलीची बोट उलटून २२ जणांचा जीव गेला. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि ती सूर्यास्तानंतर फेरीला निघाली होती. ती हाउसबोट नव्हती, तरी ‘एक माणूस जास्त झाला तर काय बिघडते’ असे म्हणणाऱ्या मालकाला आणि तसे म्हणणाऱ्या मामांनाही ही घटना ठाऊक असलेली बरी. केरळ पर्यटन विभाग बोटींना सोयींनुसार श्रेणी देतो आणि सांडपाणी, इंधन यांबाबत काळजी घेणाऱ्या बोटींना ‘ग्रीन पाम’ प्रमाणपत्र देतो. शौचालयाचे पाणी टाकीत साठते की सरळ तलावात जाते, हा प्रश्न ऐकायला अप्रिय वाटला तरी विचारावा. या बोटी ज्यात फिरतात त्या वेंबनाड तलावाच्या पाणथळ क्षेत्राला २००२ पासून रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा आहे आणि त्याच पाण्यावर काठचे लोक भांडी घासतात, कपडे धुतात.

दुसरा प्रश्न मार्गाचा. हाउसबोट रुंद असते. जाहिरातीतल्या छायाचित्रात दिसणाऱ्या, दोन्ही बाजूंनी माडांच्या झावळ्या टेकलेल्या अरुंद कालव्यात ती शिरू शकत नाही. तो कालवा पाहायचा असल्यास शिकारा किंवा वल्ह्याची छोटी होडी वेगळी घ्यावी लागते. ती दरात धरली आहे का आणि किती वेळासाठी, हे लिहून घ्यावे. मोठ्या तलावात सोडून परत आणणारा मार्ग नको, कुट्टनाडच्या कालव्यांतून जाणारा हवा, असे स्पष्ट सांगावे. वेंबनाडच्या मध्यभागी गेल्यावर चहूकडे सपाट पाणीच दिसते आणि तासाभराने मुले मोबाइल काढतात. याच तलावावरील तण्णीरमुक्कम येथील बंधाऱ्याचे दरवाजे हिवाळ्यात खारे पाणी अडवण्यासाठी बंद केले जातात. पाणी साचून राहिले की जलपर्णी वाढते आणि काही वाटा तिने भरून जातात, त्यामुळे ऐन वेळी नावाड्याने मार्ग बदलल्यास तो फसवतोच आहे असे समजू नये.

तिसरा प्रश्न रात्रीच्या जागेचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. आमच्या पहिल्या सहलीत हा प्रश्न विचारायचा राहिला. दिवसभर सुंदर फिरून सहा वाजता बोट बांधली ती धक्क्याजवळच, वाहनतळावर मोटारी लावाव्यात तशा बोटींच्या रांगेत. शेजारच्या बोटीचा जनरेटर आमच्या खिडकीपासून हातभर अंतरावर होता. रात्रभर त्याची घरघर आणि डिझेलचा वास सोसला. तक्रार केल्यावर ‘सगळे इथेच बांधतात’ एवढेच उत्तर मिळाले, आणि ते खरेही होते. त्यानंतर मी बोट कोणत्या गावाजवळ, किती बोटींसोबत बांधणार हे विचारतो आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागतो. वातानुकूलन दिवसाही चालते की फक्त रात्री नऊ ते सकाळी सहा, हेही तिथेच विचारावे. अनेक बोटींत दिवसा ते बंद असते आणि दुपारी दोन वाजता खोलीत भट्टी होते. खोली निवडता येत असेल तर पुढची घ्यावी, कारण स्वयंपाकघर आणि इंजिन सहसा मागे असते.

पोहोचण्याचे गणित सरळ आहे, पण त्यात चूक करणारे बरेच. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून निघणारी नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेमार्गे अलप्पुझाला जाते, परंतु ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचते. त्याच दिवशीची बोट घेतल्यास निम्मा प्रवास फलाटावरच संपेल. एक रात्र शहरात काढून दुसऱ्या दिवशीची बोट घ्यावी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, हेही ध्यानात असावे. विमानाने येणाऱ्यांना कोची विमानतळावरून मोटारीने किमान अडीच-तीन तास धरावे लागतात.

बॅग मऊ कापडाची, खांद्याला लावता येईल अशी असावी. धक्क्यावरून बोटीत जाताना बहुतेक ठिकाणी एक फळी टाकलेली असते, आणि चाकांची टणक बॅग त्या फळीवरून ओढत नेणाऱ्या माणसाकडे सगळे खलाशी धास्तीने पाहत राहतात. चपला चढतानाच काढायच्या असल्याने बंदांचे बूट नकोत. सुती, सैल कपडे, अंगभर झाकणारा एक जोड संध्याकाळसाठी, टोपी, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, मोबाइल गळ्यात अडकवायची दोरी आणि प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र एवढे पुरते. डासांचे मलम वरच्या कप्प्यात ठेवावे. बोट बांधली जाते तीच त्यांची वेळ असते. खलाशी दोर माडाच्या बुंध्याला गुंडाळतो न गुंडाळतो तोच ओसरीवरच्या दिव्याभोवती किड्यांचा थवा जमतो आणि ताटातल्या पापडावर पडू लागतो. खोलीची खिडकी त्याआधीच लावून घ्यावी आणि आतला दिवा बंद ठेवावा.

औषधांत उलटीच्या गोळ्या फारशा लागत नाहीत, कारण पाणी संथ आणि बोट सपाट तळाची असते. त्यापेक्षा पायावरच्या जखमांची काळजी घ्यावी. या भागात लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे शरीरात शिरणाऱ्या तापाचा उपद्रव असतो, विशेषतः पावसाळ्यात. पायाला चीर किंवा फोड असेल तर काठावर पाण्यात पाय सोडून बसण्याचा मोह आवरावा आणि परतल्यावर ताप आला तर आपण कुठे जाऊन आलो ते डॉक्टरांना सांगावे. पोहता येत असले तरी तलावात उडी मारू नये. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ, जलपर्णीची मुळे आणि जाळी असतात. चढल्याबरोबर लाइफ जॅकेट कुठे आहेत ते पाहावे, मोजावे, आणि मुलांच्या मापाचे एक तरी आहे का ते स्वतः अंगावर चढवून तपासावे. वरच्या मजल्याचा जिना अरुंद असतो, तेव्हा गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी खालची खोली आणि कमोड आहे याची खात्री बुकिंगच्या वेळीच करावी.

जेवण बोटीवरच शिजते आणि त्याचे सामान सकाळीच भरले जाते. शाकाहारी, जैन किंवा कमी तिखट असे जे काही हवे असेल ते आदल्या दिवशी कळवावे, कारण पाण्याच्या मध्यावर गेल्यावर स्वयंपाकी काहीही करू शकत नाही. खोबरेल तेलातला स्वयंपाक आणि जाड तांबडा भात ज्यांना चालत नाही, त्यांनी साधा पांढरा भात मागून ठेवावा. मासे खाणाऱ्यांनी मात्र करीमीन सोडू नये. मसाला लावून केळीच्या पानात भाजलेला हा मासा काटेरी आहे, तेव्हा मुलांना बाजूला बसवून खावा.

चार शब्द मल्याळममधले शिकून गेल्यास नावाडी खुलतो. ‘वळ्ळम’ म्हणजे होडी आणि ‘वेळ्ळम’ म्हणजे पाणी; एका मात्रेच्या फरकाने मी जेवताना होडी मागितली होती आणि स्वयंपाकी पोट धरून हसला होता. ‘केट्टुवळ्ळम’ हे या बोटींचे मूळ नाव. ‘केट्टु’ म्हणजे बांधलेले. खिळे न वापरता आंजिली या झाडाच्या लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून केलेल्या या होड्यांतून पूर्वी भात आणि मसाले वाहिले जात. आपली बोट खरोखर शिवलेली आहे की नाही, हे विचारल्यास नावाडी आनंदाने फळ्यांमधले सांधे दाखवतो.

सकाळी नऊला उतरायचे असल्याने आंघोळ आणि आवराआवर सातच्या आत उरकावी, म्हणजे परतीचा शेवटचा तास बाहेर बसून काढता येतो. बक्षिशी सर्व खलाशांना मिळून, सर्वांसमोर द्यावी. प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटे यांची पिशवी स्वतःबरोबर खाली उतरवावी, आणि परतीची गाडी साडेअकराच्या आधीची धरू नये.