'मी अलम्नाय आहे' असं लिहिताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात भाचीचा परदेशी विद्यापीठासाठीचा अर्ज वाचत होते. पहिलीच ओळ: 'आय ॲम ॲन अलम्नाय ऑफ...' अलम्नाय म्हणजे माजी विद्यार्थी, पण ते अनेकवचन; एकटीनं स्वतःला तसं म्हणायचं नसतं. एवढी हुशार मुलगी आणि उंबरठ्यावरच ठेच! ही चूक सर्रास होते आणि मला वाटतं, तिचं मूळ आपल्या भाषेत आहे. 'तो माजी विद्यार्थी' आणि 'ते माजी विद्यार्थी', शब्द तोच राहतो. हा इंग्रजी शब्द मात्र लॅटिनमधून आला, तो तिथलं लिंग-वचन सोबत घेऊनच.

एक पुरुष अलम्नस, एक स्त्री अलम्ना. अनेक पुरुष किंवा स्त्री-पुरुष मिळून अलम्नाय. सगळ्या स्त्रियाच असतील तर अलम्नी, स्पेलिंगच्या शेवटी ए-ई. आनंदीबाई जोशी १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजातून एमडी झाल्या. त्या तिथल्या अलम्ना. त्यांच्या वर्गातल्या सगळ्याजणी मिळून अलम्नी. आपल्याकडे अलम्नायचाच उच्चार 'अलम्नी' करतात, तिथे घोळ वाढतो. 'अलम' हे छोटं रूप गप्पांत चालेल, अर्जात नको. त्याचं स्पेलिंग तुरटीचंही आहे.

दुसरी चूक अर्थाची. अलम्नस म्हणजे तिथे शिकलेला. पदवी घेतलेलीच असते असं नाही. पदवी घेतलेला तो ग्रॅज्युएट. बिल गेट्स यांनी १९७५ मध्ये हार्वर्ड अर्धवट सोडलं, २००७ मध्ये तिथूनच त्यांना मानद पदवी मिळाली. ते हार्वर्डचे अलम्नस खरे, पण तिथे शिकून ग्रॅज्युएट झालेले नाहीत. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात नाव घालायचं तर नुसतं कॉलेजात गेलेलं चालत नाही, तसंच हे. अमेरिकेत 'ग्रॅज्युएट स्टुडंट' म्हणजे पदव्युत्तर शिकणारा, हेही अर्ज भरताना ध्यानात ठेवा.

'२०२० पासआउट' तर बायोडेटातून काढूनच टाका. परदेशी वाचणाऱ्याला 'पास आउट' म्हटलं की आधी बेशुद्ध पडणं आठवतं.

'आल्मा मॅटर' म्हणजे आपण जिथे शिकलो ती संस्था, माणूस नव्हे. लॅटिनमध्ये ती पोसणारी आई आणि अलम्नस म्हणजे तिनं पोसलेलं मूल; दोन्ही शब्द 'पोसणे' या एकाच धातूतले. ही जोडी मला फार आवडते.

भाचीनं पदवी घेतलेली आहे. म्हणून तिची ओळ आम्ही 'आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम' अशी सरळ करून टाकली.