सेल बदलला आणि घड्याळ गप्प झालं

सत्तरच्या दशकातल्या डिजिटल क्वार्ट्झ घड्याळाची नवी आवृत्ती माझ्याकडे आहे. रूप जुनं, आतलं यंत्र नवं. आकडे फिकट पडले म्हणून घरीच सेल बदलला, तर पडद्यावर नुसत्या तुटक रेघा! बटणं दाबली, ढिम्म. सेल मीटरवर तपासला. ३ व्होल्ट, म्हणजे तो ठणठणीत.

मग भिंग लावलं. सेलशेजारी पत्र्यावर बारीक अक्षरांत 'एसी' कोरलेलं दिसलं. याचा अर्थ 'ऑल क्लिअर', म्हणजे चिपमधलं सगळं पुसून नव्याने सुरुवात. सेल काढ-घाल करताना चिप कधीकधी मध्येच अडकते. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक ठीक असला, तरी ते कंप मोजणारी चिप भांबावलेली असते. धातूच्या चिमट्याचं एक टोक 'एसी'च्या बिंदूवर आणि दुसरं सेलच्या धन बाजूवर दोन सेकंद टेकवलं. पडदा क्षणभर कोरा झाला आणि आकडे नीट उमटले. (आधी दहा मिनिटं प्लास्टिकच्या चिमट्याने हेच करत बसलो होतो, ते सोडा.)

झाकण लावण्यापूर्वी रबरी कडं खाचेत नीट बसवलं, त्याला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं. वेळ मात्र पुन्हा लावावी लागली, गजरही.